आधी धाक, मग दिलासा

नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबईतल्या ७७ वर्षांच्या एका गृहिणीची तक्रार पोलिसांकडे आली. पती निवृत्त, दोघंच घरात, मुलं परदेशी. फोनवरच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की तुमच्या नावाने तैवानला निघालेलं एक पार्सल पकडलं गेलं आहे. त्यात पाच पासपोर्ट, बँकेचं एक कार्ड, चार किलो कपडे आणि एमडीएमए हा अमली पदार्थ सापडला आहे. बाईंनी सरळ उत्तर दिलं, की मी असं काहीही पाठवलेलं नाही. पलीकडच्या माणसाने वाद घातला नाही. म्हणजे कुणीतरी तुमच्या आधार कार्डाचा गैरवापर केलाय, असं म्हणत त्याने फोन ‘मुंबई पोलिसांना’ जोडून दिला. तिथून पुढे जवळपास महिनाभर त्या स्वतःच्याच घरात कैदेत होत्या. कॅमेरा चालू, कॉल तोडायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. महिनाअखेरीला ३ कोटी ८० लाख रुपये सहा खात्यांमध्ये गेलेले होते. शेवटी त्यांनी परदेशातल्या लेकीला सांगितलं आणि ती म्हणाली, आधी पोलिसांत जा.

या प्रकरणातला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाईंनी सुरुवातीला पैसे पाठवले, तेव्हा चोरट्यांनी त्यातले १५ लाख परत केले. तपासणीत रक्कम स्वच्छ निघाली, असं सांगितलं. मग पतीच्या आणि त्यांच्या संयुक्त खात्यातले पैसेही ‘तपासणीसाठी’ मागितले. पंधरा लाख खात्यात परत आलेले बघून त्या घरात सुटकेचा केवढा मोठा निःश्वास टाकला गेला असेल, याची कल्पना करता येते. त्या निःश्वासानंतरच बाकीचे सगळे पैसे गेले.

पोलंडमधले मानसशास्त्रज्ञ दारियुश दोलिन्स्की आणि रिशार्द नावरात यांनी १९९८मध्ये या सुटकेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा एक प्रयोग रस्त्यावरचा होता. भलत्याच ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या मागे पोलिसाची शिट्टी वाजे. माणूस दचकून वळे, बघतो तर पोलीस कुठेच नाही. त्याच क्षणी कुणीतरी पुढे येऊन त्याला एक साधी विनंती करी, जरा ही प्रश्नावली भरून द्याल का? शिट्टी ऐकलेली माणसं ती विनंती इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मान्य करत. दुसऱ्या प्रयोगात गाडीच्या काचेवर दंडाच्या पावतीसारखा दिसणारा कागद खोचून ठेवला होता, जो प्रत्यक्षात जाहिरात निघे. निष्कर्ष तोच. ज्यांची भीती तशीच टिकून राहिली ती माणसं विनंती सहजासहजी मानत नव्हती, ती सावध राहत होती. भीती येऊन अचानक ओसरली, की मात्र मन काही काळ विचार करणं सोडून देतं आणि समोरचा म्हणेल ते करतं.

‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने आज घराघरांत पोहोचलेल्या गुन्ह्याची बांधणी याच पायावर आहे. आपण समजतो, चोर घाबरवतात आणि माणूस भीतीने पैसे देतो. पण नुसत्या भीतीने माणूस पळतो, फोन आपटतो, शेजाऱ्याला हाक मारतो. चोरांना ते परवडत नाही. म्हणून पहिला ‘अधिकारी’ खेकसतो आणि दुसरा समजूतदार असतो. दुसरा म्हणतो, तुम्ही चांगल्या घरातल्या दिसता, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण माझे हात बांधलेले आहेत. पोलीस ठाण्यात यायला नको असेल तर घरीच थांबा, मी वरिष्ठांना विनंती करून बघतो. माणूस घरच्या घरी कैद होतो तो या दिलाशाने. लुटणारा त्याला आपला एकमेव हितचिंतक वाटू लागतो, आणि दारातल्या शेजाऱ्यापेक्षा, पोटच्या मुलापेक्षा पडद्यावरचा गणवेश जवळचा होऊन बसतो.

कायद्यात अशी अटक कुठेच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३नुसार अटक करताना पोलिसाने त्या व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करावा लागतो किंवा तिला ताब्यात घ्यावं लागतं. तिने शब्दाने वा कृतीने शरणागती पत्करली तरच ते टळतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला, अपवादात्मक परिस्थिती वगळता, अटक करता येत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये या गुन्ह्याबद्दल सांगितलं. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सावधगिरीची सूचना त्यानंतर महिनोन्‌महिने फोनच्या आधी वाजत राहिली. ती ऐकलेली माणसंही फसली. माहिती डोक्यात साठवलेली असते, आणि हल्ला होतो तेव्हा डोकं जाग्यावर नसतं.

संसदेत दिलेल्या उत्तरांमधले आकडे याच दिशेला बोट दाखवतात. डिजिटल अरेस्ट आणि त्यासारख्या गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२मध्ये ३९,९२५ होत्या आणि गेलेली रक्कम ९१ कोटींच्या आसपास. २०२४मध्ये तक्रारी १,२३,६७२ झाल्या आणि रक्कम १,९३५ कोटींवर गेली. तक्रारी तिप्पट, रक्कम एकवीसपट. सरासरी काढली तर २०२२मध्ये एका तक्रारीमागे तेवीस हजारांच्या घरात पैसे जात होते, ते दीड लाखाच्या वर गेले. चोरांनी नुसती माणसं वाढवली नाहीत, एकेका माणसाला अधिक खोलवर खणायला ते शिकले. झारखंडमधल्या जामताऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी जुनी फसवणूक काही मिनिटांची असे. तुमचं एटीएम कार्ड बंद पडतंय, ओटीपी सांगा, झालं. त्यात माणसाशी नातं जोडायची गरज नव्हती. आताचा चोर दिवसच्या दिवस सोबत राहतो. तुम्ही जेवलात का, औषध घेतलंत का, हेही विचारतो.

या सोबतीचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण लुधियानाचं. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल, पद्मभूषण, वय ८२. ऑगस्ट २०२४च्या अखेरीला त्यांना फोन आला. जेट एअरवेजच्या नरेश गोयल यांच्याशी संबंधित आर्थिक गैरव्यवहारात तुमच्या नावाचं खातं सापडलं आहे, असं सांगून स्वतःला सीबीआयचे म्हणवणाऱ्यांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर दोन दिवस नजरेखाली ठेवलं. झोपतानाही कॅमेरा चालू. मग थेट सर्वोच्च न्यायालयाची ‘सुनावणी’ भरली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचं नाव घेणारा एकजण न्यायाधीश बनला होता. ओसवाल यांनी नंतर माध्यमांना सांगितलं की चेहरा दिसत नव्हता, पण आवाज येत होता आणि हातोडा आपटल्याचं ऐकू येत होतं. आदेशाचा कागद इतका व्यवस्थित लिहिलेला आणि शिक्क्यांचा होता की तो खरा वाटला. ७ कोटी रुपये गेले. पोलिसांनी वेगाने हालचाल केल्यामुळे त्यातले ५ कोटी २५ लाख परत मिळवता आले.

तो हातोडा मनातून जात नाही. भारतीय न्यायालयांत न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. तो आपल्याला हिंदी सिनेमाने दिला. खऱ्या न्यायालयात आयुष्यात क्वचितच पाऊल टाकलेल्या माणसाच्या मनातलं न्यायालय सिनेमाचंच असतं, आणि चोरांनी नेमकं तेच उभं केलं. महाराष्ट्रात तर ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे लहानपणापासून कानावर पडलेलं. ही म्हण सांगणाऱ्यांना अभिप्रेत होता तो खर्च, तारखा आणि मनस्ताप. पण पिढ्यान्‌पिढ्या ती ऐकून न्यायालयाबद्दल आदर राहिला, ओळख मात्र झाली नाही. समन्स म्हणजे काय, ते कोण आणून देतं, जामीन कुठे मिळतो, हे पदवीधर माणसालाही ठाऊक नसतं. ज्यांनी पस्तीस-चाळीस वर्षं सरकारी कचेरीत, शाळेत, बँकेत काढली, त्यांना शिक्का, सही आणि संदर्भ क्रमांक असलेल्या कागदाला मान द्यायची सवय जडलेली असते. ही सवय चांगलीच आहे. तिच्यावर कार्यालयं चालतात. चोर तीच पकडतात.

अधिकाराला शरण जाण्याचा विषय निघाला की अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आठवतात. येल विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगाचा निबंध १९६३चा. राखाडी कोट घालून अधिकाराने बोलणाऱ्या संशोधकाच्या सांगण्यावरून ४०पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला, त्यांच्या समजुतीप्रमाणे, ४५० व्होल्टपर्यंतचे धक्के दिले. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी सांगितला जातो तो प्रयोगाचा पुढचा भाग. संशोधक खोलीतून निघून गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत आज्ञा पाळणारे एक पंचमांशावर आले. फोनवरच्या अधिकाराला माणूस इतका घाबरत नाही. मला वाटतं, व्हिडिओ कॉलचा आग्रह का असतो याचं उत्तर इथे आहे. पाठीमागे विभागाचं बोधचिन्ह, भिंतीवर गांधीजींची तसबीर, अंगावर खाकी, बाजूला वायरलेससारखा खरखरणारा आवाज, ही सगळी मांडामांड अधिकाऱ्याला पुन्हा त्याच खोलीत आणून बसवण्यासाठी असते. शिवाय कॅमेरा दोन्ही बाजूंनी चालतो. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे या जाणिवेने माणूस स्वतःलाच जखडून घेतो.

पहिल्या मिनिटातली चाळणी मात्र आवाजाचीच असते. ‘तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा.’ हजारो लोक फोन ठेवून देतात. जो नऊ दाबतो, त्याने स्वतःची निवड करून दिलेली असते. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता, की आफ्रिकेतल्या राजपुत्राची इस्टेट देऊ करणाऱ्या ईमेल इतक्या हास्यास्पद का असतात? त्यांचं उत्तर असं, की मुद्दामच. संशय घेणारा पहिल्याच ओळीला गळावा आणि चोराचा वेळ फक्त विश्वास ठेवणाऱ्यावर खर्च व्हावा. नऊ दाबायला सांगण्यामागे तोच हिशेब आहे. दाबणारा माणूस मूर्ख असतो असं नाही. तो शिस्तीचा असतो, बिलं वेळेवर भरणारा, सूचनेला प्रतिसाद देणारा. पुढे त्याला त्याचं नाव, पत्ता, आधारचे आकडे वाचून दाखवले जातात. हा तपशील कुठून तरी चोरलेला, विकत घेतलेला असतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, एवढं सगळं सरकारलाच माहीत असणार.

भीती आणि दिलासा यांच्यानंतर जे येतं त्याने कडी लागते. ती असते लाज. गुन्हा असा निवडलेला असतो की आपण निर्दोष आहोत हे पक्कं ठाऊक असूनही तो तोंडाने उच्चारता येऊ नये. अमली पदार्थ, लहान मुलांची अश्लील चित्रं, काळा पैसा. सोसायटीत पोलिसांची गाडी येईल, वर्तमानपत्रात नाव येईल, मुलाची नोकरी, नातीचं लग्न. अब्रूवर जगलेल्या मध्यमवर्गाला याहून मोठी शिक्षा दाखवताच येत नाही. त्यात गुप्ततेची अट घातलेली असते, की हे राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे, कुणाला बोललात तर तोही आरोपी होईल. मग आई मुलाला सांगत नाही ते त्याला वाचवण्यासाठी. तिचं प्रेमच तिला गप्प करतं.

मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका बाईंच्या प्रकरणात ही शांतता २६ डिसेंबर २०२४पासून ३ मार्च २०२५पर्यंत टिकली. २० कोटींहून जास्त रक्कम गेली. घरात माणसं होती. आजी दिवसभर खोलीत बसून राहतात, फक्त जेवणापुरत्या बाहेर येतात, आत कुणाशी तरी चढ्या आवाजात बोलतात, हे लक्षात आलं ते घरकाम करणाऱ्या बाईंच्या. त्यांनी ते मुलीच्या कानावर घातलं. बँकेच्या संगणकांना, एवढ्या मोठ्या रकमा एका वृद्ध खात्यातून निघताना पाहणाऱ्या यंत्रणेला जे वेळेवर थांबवता आलं नाही, ते एका कामवाल्या बाईंच्या नजरेने टिपलं. माणसाचं खाणंपिणं, आवाज, खोलीचं दार यांच्याकडे कुणाचं तरी लक्ष असणं ही किती मोठी सुरक्षा आहे! आणि आपल्या शहरांमधल्या किती घरांत असं लक्ष ठेवणारं आज कुणीच नाही.

पुण्यात, मुंबई-ठाण्यात, नाशकात अशी घरं शोधावी लागत नाहीत. मुलगा सिअ‍ॅटलला, मुलगी मेलबर्नला. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, तब्येतीची चौकशी, नातवंडाचा चेहरा. आठवड्याचे उरलेले तास रिकामे. त्या रिकाम्या तासांत भीती शिरते तशीच मायाही शिरते. ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईतल्या ८० वर्षांच्या एका गृहस्थांची हकिकत बाहेर आली. एप्रिल २०२३मध्ये त्यांनी फेसबुकवर एका स्त्रीला मैत्रीची विनंती पाठवली होती. पुढच्या एकवीस महिन्यांत चार निरनिराळ्या ‘स्त्रियांनी’ त्यांच्याकडून जवळजवळ नऊ कोटी रुपये घेतले. मुलांच्या आजारपणासाठी, औषधांसाठी. एकीने तर आधीची मैत्रीण वारल्याचं कळवून तिच्या इस्पितळाच्या बिलाचे पैसे मागितले. एकूण ७३४ वेळा रक्कम गेली, म्हणजे दिवसाला एकाहून अधिक वेळा. साठवण संपल्यावर त्यांनी सुनेकडून दोन लाख उसने घेतले, मुलाकडे पाच लाख मागितले, तेव्हा मुलाला शंका आली. सगळं कळल्यावर गृहस्थांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं.

या बातमीवर लोक हसले. मला हसू आलं नाही. दिवसाला एकदा तरी कुणालातरी आपली गरज आहे, कुणाच्या तरी आजारी लेकराचं औषध आपल्यामुळे येतंय, हे त्या माणसाला एकवीस महिने मिळत होतं. ते खोटं होतं आणि भयंकर महाग होतं. पण घरात, इमारतीत, अवतीभवती ते त्यांना खरं आणि फुकट मिळत नव्हतं का, हा प्रश्न हसणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. शिवाय स्मृतिभ्रंशाची सुरुवात अनेकदा पैशाच्या व्यवहारांतून दिसते. नावं विसरण्याआधी माणूस हिशेबात चुकू लागतो. आपण ते वयाचा हट्टीपणा म्हणून सोडून देतो.

भीतीच्या बातम्या मोठ्या होतात, तरी आशेने जास्त माणसं लुटली जातात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४च्या पहिल्या चार महिन्यांचे आकडे जाहीर केले होते. डिजिटल अरेस्टमध्ये १२० कोटी, तर शेअर बाजारातल्या खोट्या खरेदी-विक्रीत १,४२० कोटी. प्रेमाच्या नावाने झालेल्या फसवणुकीचा आकडा अवघा १३ कोटी. हा तिसरा आकडा मला सगळ्यात खोटा वाटतो. प्रेमात फसल्याची फिर्याद घेऊन पोलीस ठाण्यात जाणारी माणसं किती असतील? शेअर बाजाराच्या फसवणुकीत गंडा घालायची रीत वेगळी असली तरी मनाचा रस्ता ओळखीचाच असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात शंभर जण आपापल्या नफ्याची छायाचित्रं टाकतात. त्यातले बहुतेक चोरांचेच असतात. सुरुवातीला दहा हजार काढून घेता येतात, त्या ७७ वर्षांच्या बाईंना परत आलेल्या पंधरा लाखांसारखेच. मग ठेव मोडली जाते.

पलीकडे बोलणारा कोण असतो? या प्रश्नाने या विषयाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेलं असावं. थायलंडच्या माए सोत गावासमोर, मोई नदीच्या पलीकडे म्यानमारचं म्यावाडी आहे. तिथल्या केके पार्कसारख्या कुंपणबंद वसाहतींत हे कारखाने उभे राहिले. मार्च २०२५मध्ये तिथून सुटलेल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने साठहून अधिक भारतीयांची म्यानमारमधून सुटका केली. यातल्या बहुतेकांना बँकॉकमध्ये चांगल्या पगाराची नोकरी सांगितलेली होती. विमानतळावर उतरवून, गाडीत घालून, नदी ओलांडून नेलं आणि पासपोर्ट काढून घेतला. ठरलेलं लक्ष्य गाठलं नाही तर मारहाण, विजेचे झटके, उपासमार, हे सुटलेल्यांनी सांगितलेलं आहे. म्हणजे आशेने फसलेला एक मुलगा कोंडून ठेवला जातो आणि त्याच्या हातात दुसऱ्याच्या आशेला गळ लावायची संहिता दिली जाते. ‘तुम्ही मला आईच्या जागी’ असं लिहिणारी बोटं कदाचित आईला फोन करण्याची परवानगी नसलेल्या मुलाची असतात.

सगळेच असे बंदी नाहीत. स्वेच्छेने, टक्केवारीवर काम करणारेही पुष्कळ आहेत. आणि पैशाची वाट तर इथूनच, आपल्या गावांमधून जाते. महिन्याला काही हजारांत बँक खातं भाड्याने देणारा विद्यार्थी, पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती सोपवणारा फेरीवाला, कागदोपत्री कंपनी उघडून चालू खातं काढणारा. ही खाती नसतील तर भीती आणि प्रेम यांतून एक रुपयाही हलणार नाही. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी न्यायालयाने १८ जुलै २०२५ रोजी एका निवृत्त कृषी शास्त्रज्ञाच्या डिजिटल अरेस्ट प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप सुनावली. देशात अशा गुन्ह्यात झालेल्या पहिल्या काही शिक्षांपैकी ही एक. ते नऊ जण महाराष्ट्र, गुजरात आणि हरियाणातून पकडलेले होते. आपल्याकडे परदेशी टोळ्यांविषयी बरंच बोललं जातं, पण शेजारच्या गल्लीतल्या भाड्याच्या खात्यांविषयी पुरेसं बोललं जात नाही.

आता फसवणुकीनंतरचं. पैसे गेल्यावर लाज संपत नाही, तिचा मालक बदलतो. आधी चोर तिचा वापर करत होता, नंतर घरचे करतात. एवढे शिकलेले असून तुम्ही? मॅनेजर होतात ना बँकेत? नातेवाइकांसमोर चेष्टा, मुलाच्या आवाजातला राग, चेकबुक काढून घेणं, फोन काढून घेणं. जो माणूस महिनाभर हुकमाखाली बसला होता, तो आता घरच्यांच्या हुकमाखाली जातो. मार्च २०२५मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्ध दांपत्याने अशा फसवणुकीनंतर आयुष्य संपवलं. पैशाचं दुःख मोठं असतं, पण आपल्या शहाणपणावरचा, आपल्याच न्यायबुद्धीवरचा विश्वास उडणं हे त्याहून खोल असतं. खून, दरोडा, घरफोडी झाली तर आपण घरच्यांना धीर देतो. इथे आपण आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांनाच उभं करतो. वास्तविक त्यांच्यावर दिवसचे दिवस पद्धतशीर मानसिक छळ झालेला असतो. झोप मोडणं, एकटं पाडणं, धाक आणि दया आलटून पालटून देणं, ही चौकशीच्या कोठड्यांतली जुनी तंत्रं आहेत. जिथे तरुण, तालीम घेतलेले कैदी मोडतात, तिथे ऐंशीच्या आजींनी टिकून राहावं अशी अपेक्षा आपण कशी करतो?

आणि या लाजेची व्यावहारिक किंमतही आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या एक-दोन तासांत तक्रार गेली तर साखळीतल्या पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात. २०२५च्या मध्यापर्यंत या यंत्रणेने ५,४००हून अधिक कोटी रुपये वाचवल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. रात्रभर ‘मुलाला कसं सांगू’ म्हणून कूस बदलत राहिलं, की सकाळपर्यंत ते पैसे पन्नास खात्यांतून फिरून आभासी चलनात गेलेले असतात. तेव्हा घरातल्या तरुणांनी आजच, काही घडलेलं नसताना, आईवडिलांजवळ बसून एवढं सांगून टाकावं, की तुमच्याकडून काहीही झालं, कितीही पैसे गेले, तरी मी एका शब्दानेही बोलणार नाही, फक्त पहिला फोन मला करा. हे वाक्य कुठल्याही सरकारी सूचनेपेक्षा जास्त पैसे वाचवेल असं मला मनापासून वाटतं. आणि वेळ आली तर ते पाळावं.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये स्वतःहून हा विषय हाती घेतला. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाच्याच बनावट आदेशांनी १ कोटी ५ लाखांना लुटलं होतं. नोव्हेंबरमध्ये न्यायालयासमोर देशभरातल्या नुकसानीचा सुमारे ३,००० कोटींचा अंदाज आला, आणि १ डिसेंबरला तपास सीबीआयकडे सोपवला गेला. त्याच वेळी, भाड्याची खाती हुडकायला बँका कृत्रिम बुद्धिमत्ता का वापरत नाहीत, अशी विचारणा रिझर्व्ह बँकेकडेही झाली. हा प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला. जबाबदारी आजवर सगळी फसणाऱ्याच्या डोक्यावर होती.

पण बँकेच्या खिडकीवर काय होतं ते बघायला हवं. ठेव मोडायला आलेल्या ग्राहकाला कर्मचाऱ्याने विचारलं की पैसे कशाला हवेत, तर त्याचं उत्तर चोराने आधीच पढवलेलं असतं. घर घ्यायचंय, मुलाला पाठवायचेत. हैदराबादमध्ये २०२४च्या नोव्हेंबरात स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी अशाच एका ज्येष्ठ ग्राहकाच्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही, घरच्या कुणाला तरी घेऊन या म्हणून त्यांना परत पाठवलं, आणि १३ लाख वाचले. ती माणुसकी होती, नियम नव्हता. ग्राहक चिडला असता, वरिष्ठांकडे तक्रार गेली असती, तर त्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी कायद्याने कोण उभं राहिलं असतं? सिंगापूरने यासाठी कायदा केला. १ जुलै २०२५पासून तिथले पोलीस, फसत असलेला माणूस ऐकायलाच तयार नसेल तर, त्याच्या खात्यातून पैसे बाहेर जाणं तीस दिवसांपर्यंत रोखण्याचा आदेश बँकेला देऊ शकतात. ब्रिटनमध्ये संशय आल्यास बँकेला रक्कम ७२ तासांपर्यंत अडवून ठेवता येते, आणि ७ ऑक्टोबर २०२४पासून अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना द्यावी लागते. भरपाई स्वतःच्या खिशातून द्यायची म्हटल्यावर बँका खिडकीवरचा प्रश्न नीट विचारू लागतात.

तीस दिवस आपल्याला लगेच जमणार नाहीत, मान्य. माझी मागणी लहान आहे. साठी ओलांडलेल्या माणसाने मोठी मुदत ठेव मोडून, ज्या खात्यात आजवर कधी एक रुपयाही पाठवलेला नाही अशा खात्यात पैसे पाठवायला सांगितले, तर ती रक्कम एक रात्र बँकेत थांबवावी, आणि त्या रात्री बँकेने ग्राहकाने आधीच नोंदवून ठेवलेल्या जवळच्या माणसाला फोन करावा. ज्यांना हा त्रास नको असेल त्यांनी तसं लिहून द्यावं. खऱ्या घरखरेदीचा व्यवहार एका रात्रीने मोडत नाही.